आमच्या अंगणात सात टेक

२४ मे, शनिवार

घर विकून झाल्यावर त्यात शूटिंग! बाबांनी हो म्हणून टाकलं. नवे मालक पंधरा जूनला येणार, त्याआधी तीन दिवस टीव्हीवाले. मालिका म्हणे 'तरुण मुलांच्या खऱ्या भावनां'वर आहे. गोष्ट काय, तर सोळा वर्षांची मुलगी, वडिलांची कागदगिरणी बंद पडते, सगळे गाव सोडून हेलसिंकीकडे जातात.

आई म्हणाली, "म्हणजे आपलीच की!"

बाबा म्हणाले, "आपल्याला पार्श्वसंगीत नाही."

२५ मे

हेर्ट्टा अजून बोलत नाही. बालवाडीपासूनची मैत्रीण, चार घरं सोडून राहते. फाटकावर 'विकणे आहे' पाटी लागली त्या दिवसापासून तोंड बंद. मी दिसले की रस्ता ओलांडते. ओलांडू दे. मला काय!

३१ मे

शाळा संपली. गाणं झालं, सगळ्यांच्या आया रडल्या. माझी सोडून. हेर्ट्टा दोन रांगा पुढे होती. मान वळवली नाही.

३ जून, मंगळवार

आले! पंधरा माणसं, तीन गाड्या, नुसती कॉफी द्यायला एक वेगळा माणूस. आणि पहिलं काम काय केलं? आम्ही तीन आठवडे खपून भरलेली खोकी उघडली! बाबांनी प्रत्येकावर नाव घातलं होतं: स्वयंपाकघर ४, सौना-न्हाणी १. दिग्दर्शिका मार्युतबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फारच नीट भरलंय हो तुम्ही. इथून कुणी दुःखानं निघालंय असं वाटत नाही."

"दुःख आत आहे," बाबा म्हणाले. "वर चिकटपट्टी लावलीय."

सगळे हसले. बाबा नाही हसले.

मग एका माणसानं माझी खोली पुन्हा विसकटली. खरी वाटावी म्हणून! भिंतीवर फोटो लावले — ओना नावाच्या नटीचे, कुठल्या कुठल्या मुलींच्या गळ्यात गळा घालून. ओना मालिकेत सोळाची. एरवी चोवीस.

४ जून

ओना माझ्याच पलंगावर बसून मला विचारते, "सायमी, घर सोडताना नेमकं कसं वाटतं गं?"

मी म्हटलं, "खोकी पुरत नाहीत."

तिनं ते लिहून घेतलं. मी खरंच खोक्यांबद्दल बोलत होते.

उद्या निरोपाचा प्रसंग. मुलीची मैत्रीण म्हणून गावातलीच पोर घ्यायची ठरलीय, अगदी अस्सल दिसायला हवी ना. कॉफीवाल्यानं नाव सांगितलं. हेर्ट्टा.

हेर्ट्टा!! शाळेच्या नाटकात जिला झाडाचं काम दिलं होतं, ती!

५ जून

सात टेक.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. पहिल्या वेळी हेर्ट्टा खांबासारखी उभी राहिली. झाडच. मार्युतबाई तिच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाल्या. दुसऱ्या वेळी तिनं ओनाला मिठी मारली, तिसऱ्या वेळी रडली. मग थांबेचना. सातव्या वेळेपर्यंत नाक लाल, श्वास लागलेला. बाई 'कट' म्हणाल्या तरी ओनाला सोडेना. बिचारी ओना तिच्या पाठीवर थोपटत इकडेतिकडे बघत होती — हे संहितेत नव्हतं.

"सोनं आहे ही पोरगी!" मार्युतबाई ओरडल्या.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. "जा बाहेर. बोल तिच्याशी."

"भांडी पुसायचीत."

तीन कप होते. कोरडे. पुन्हा पुसले.

१२ जून, गुरुवार

निघालो. कुणी रडलं नाही. आईनं सौनाची बादली कुणाच्या मांडीवर ठेवायची यावरून वाद घातला, मी हरले. हेर्ट्टाच्या घरासमोर बाबांनी गाडी हळू केली. तिची सायकल अंगणात आडवी पडली होती. बाबा हळू चालवत राहिले.

"चला ना," मी म्हटलं.

१३ ऑगस्ट

वांता, हेलसिंकीला लागूनच. नवी शाळा. कुठून आलीस? "वरून, उत्तरेकडून." कुणाला पुढचं ऐकायचं नव्हतं. छान!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल तो भाग लागला. मी बघितला नाही. वर्गात सगळ्यांनी बघितला होता. माझ्या शेजारी मिल्ला बसते, चांगली आहे, पण तोंडाला कुलूप नाही. म्हणते, "ती मुलगी म्हणते, खोकी पुरत नाहीत. असं कोण बोलतं? आणि ती मैत्रीण, बाई गं! केवढा तो अभिनय! दोन तासांवर तर चालली होती, मेली नव्हती."

"पाच तास," मी म्हटलं.

"काय?"

"पाच तास लागतात. आणि तिला अभिनय येत नाही."

"तुला काय माहीत?"

"ते आमचं अंगण आहे. ती माझी मैत्रीण आहे."

मिल्लाचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं अगदी हळू विचारलं, "म्हणजे तू निघालीस तेव्हाही ती अशी रडली?"

मी दप्तर आवरायला घेतलं. तास संपायला वीस मिनिटं होती.

११ ऑक्टोबर

एक गोष्ट या वहीतसुद्धा लिहिली नाही. आम्ही जाणार हे मी हेर्ट्टाला सांगितलंच नव्हतं. मला मार्चपासून ठाऊक होतं. रोज शाळेत बरोबर जायचो, रोज उद्यावर टाकलं. तिला फाटकावरच्या पाटीनं सांगितलं.

आज फोन केला. ती नुसतं "हं" म्हणाली. मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "हेर्ट्टा, आम्ही गाव सोडून जाणार आहोत."

मग नाक ओढल्याचा आवाज.

"कधी?"

"जूनमध्ये."

"बरं झालं आधी सांगितलंस," ती म्हणाली.