तिसरा माऊंट

४ फेब्रुवारी

ह्यांना पिस्तुलाला दुर्बीण लावायची आहे म्हणे! चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस — त्याला पंचवीस मीटरवरचा काळा ठिपका दिसेना, ह्यात नवल काय.

दुर्बिणीला हे ‘स्कोप’ म्हणतात. नेमबाजीच्या क्लबातल्या मित्राने जुना दिला. फुकट, म्हणून मी गप्प. पण तो पिस्तुलावर बसवायला माऊंट लागतो — खाली पट्टी, वर दोन कड्या, कड्यांत स्कोप. तो फुकट नाही.

महिनाअखेरीस क्लबाच्या संघाची निवड आहे. चौघांचा संघ. ह्यांची जागा इतकी वर्षं पक्की. आता दाताचा डॉक्टर टपून बसलाय. “त्या दातकाढ्याला जागा गेली तर क्लबाची पायरी चढणार नाही,” म्हणाले. म्हणजे हे दिवसभर घरात! देवा, ह्यांचा नेम लागू दे. माझ्यासाठी तरी.

७ फेब्रुवारी

दुकानात मीच बोलले. दुकानदार बुटका चांगला, जड चांगला, अखंड चांगला असं काय काय सांगत होता. सगळ्यांत स्वस्त कुठला, ते मात्र विचारल्याशिवाय सांगेना. उंच कड्यांचा होता. घेतला.

८ फेब्रुवारी

स्कोप पिस्तुलावर असा बसलाय — उंटावरचा शहाणा! मनगट जरा कललं की नेम भलतीकडे. गोळ्या कागदभर, गोवर उठल्यासारख्या. दातकाढ्याने येऊन कागद पाहिला आणि काहीच बोलला नाही. हे म्हणाले, त्याने निदान हसायला तरी हवं होतं.

११ फेब्रुवारी

उंच परत देऊन बुटका आणला. हलका, ॲल्युमिनियमचा. दुकानदार म्हणाला, “काकू, आता तरी माझं ऐका.” ऐकलं. गोवर तसाच, वर गोळी झाडली की रिकामी पुंगळी उडायची, स्कोपवर आपटायची नि परत आतच अडकायची. माझ्या नणंदेसारखी — निरोप घेऊन दारातून पुन्हा आत.

१५ फेब्रुवारी

तिसरा माऊंट. पोलादी, अखंड, महाग. आकडा लिहिताना पेन अडखळलं.

स्क्रू धक्क्याने ढिले होतात म्हणून त्यांवर नखांच्या रंगाचा थेंब सोडतात. सुनेची बाटली मागून आणली. पूर्वी माझ्या लिपस्टिकला नाकं मुरडणारा हा माणूस आज बोटं लाल करून बसला होता. सूनबाई म्हणाली, “बाबा, तुम्हाला हाच रंग शोभतो.”

१८ फेब्रुवारी

तरी गोवरच. आता म्हणतात माऊंट जड आहे, नळी खाली झुकते. चौथा बघू म्हणतात.

जपाला बसले, पण मन माऊंटवर. देवाला म्हटलं, तुलाही चष्मा लागला की काय? एवढं मागतेय, दिसत नाही?

२० फेब्रुवारी

जमाखर्चाचा मेळ बसला नाही तर मी वही बदलत नाही. चूक शोधते. तीन माऊंट आणि चूक एकच — मग चूक माऊंटची कशी?

आज मीही क्लबात गेले. हे मित्रांत चहा पीत बसले होते. मी क्लबाच्या मास्तरांना गाठलं. म्हटलं, ह्यांचं पिस्तूल कशावर तरी टेकवून कुणी झाडलं तर? मास्तरांनी वाळूची पिशवी मांडली, त्यावर पिस्तूल टेकवलं, पाच गोळ्या झाडल्या.

पाचही एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा.

माऊंट उत्तम. स्कोप उत्तम. स्क्रूसुद्धा लाल नि घट्ट. मास्तर म्हणाले, “वहिनी, आता तुम्हाला कळलंच आहे. मी दोन महिने बघतोय. ते बोलत नाहीत, म्हणून मीही नाही.”

काहीतरी करायचं म्हणून म्हटलं, मला एकदा धरू द्या. मास्तरांनी शेजारी उभं राहून धरायला शिकवलं. पिशवी नाही, काही नाही. स्कोपातली फुली ठिपक्यावर जाऊन बसली ती बसलीच. परात भरून पीठ तिंबणारे हात ना!

वळून पाहिलं. काचेपलीकडे हे उभे होते, हातात कप. बशीत चहा सांडलेला.

घरी आल्यावर मीच म्हटलं, चौथा माऊंट आणूया. मी! म्हटलं, हलका बघू, महाग असला तरी चालेल. हे नुसतेच हसले.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरकडे गेलो. दाताच्या नव्हे. ह्यांच्या हाताचं कापरं थांबायचं नाही, वाढणार. गोळ्या दिल्यात. ह्या गोळ्या तरी नेमक्या लागू देत.

२३ फेब्रुवारी

आज जप लवकर आटोपला. काय मागायचं ते सुचेना.

२४ फेब्रुवारी

सकाळी हे माझा पंजा आपल्या पंजावर ठेवून बघत होते. म्हटलं, ह्या वयात काय हे, सूनबाई बघेल.

“पिस्तुलाची मूठ बदलावी लागेल,” म्हणाले. “तुझा हात लहान आहे.”