पेट्रोलचोराचा पश्चात्ताप

२६ ऑक्टोबर, रविवार
फ्युएल सेल आला. नाव सेल असलं तरी बॅटरी नव्हे. रेसच्या गाडीची पेट्रोलची टाकी: बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा डबा, आत रबरी पिशवी, पिशवीत स्पंज. गाडी धडकली तरी पेट्रोल सांडत नाही. यंदा आमच्या रेसिंग क्लबचा नियमच आहे, ही टाकी नसेल तर दोन तासांच्या रेसमध्ये प्रवेश नाही. रेस २३ नोव्हेंबरला. पहिला तास मी, दुसरा इसोगाई. अठरा वर्षं हीच वाटणी.

इसोगाई दोन घरं सोडून राहतो. घराखालीच त्याचं गॅरेज. डोळे अधू झालेत म्हणून मार्चमध्ये बंद करतोय, म्हणजे ही त्याची शेवटची रेस. म्हणाला, नेमोतो, गाडी इकडे आण, दोन दिवसांत टाकी बसवून देतो, मजुरी नको.

मजुरी नको? का नको? काहीतरी आहे.

निश्चय: टाकी स्वतः बसवणार. एका रविवारात.

२ नोव्हेंबर, रविवार
मुदत एक दिवसाने वाढवली. डिकीतली स्टेपनीची जागा कापून झाली. बायकोने, सात्सुएने, विचारलं, अहो, आता भाजी कुठे ठेवायची? म्हटलं, रेसर लोकांच्या बायका मांडीवर ठेवतात. ती म्हणाली, त्यांचे नवरे त्यांना बाजारात नेत असतील.

३ नोव्हेंबर, सुट्टी
टाकी बसली! चार बोल्ट उरले. कंपनी जास्तीचे देत असणार.

आपलं आपण भरायच्या पंपावर जाऊन चाळीस लिटर भरलं, काठोकाठ. एक थेंब गळला नाही. पेट्रोलच्या काट्याची वायर तेवढी राहिली, उद्या सकाळी. इसोगाई कुंपणापाशी येऊन सांगून गेला, वायर जोडताना मला हाक मार, जुना काटा आणि नवी टाकी यांचं कधीकधी पटत नाही.

माझ्या काट्यात त्याला एवढा रस का?

४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
वायर जोडली. काटा E वर, म्हणजे टाकी रिकामी. चाळीस लिटर रातोरात गायब! चोरी!!

सकाळी ७.३०
सात्सुए म्हणाली, झाकण उघडून बघा की. बघितलं. तोंडापर्यंत काळा स्पंज, ओला; खालचं काही दिसत नाही. ओला तर राहणारच, चोराला स्पंज पिळता येत नाही.

संशयित:
१) इसोगाई. नळी आहे, डबे आहेत, माहिती आहे.
२) (सुचल्यावर लिहीन.)

६ नोव्हेंबर
रिकाम्या टाकीवर ऑफिसला जाऊन आलो. येता-जाता अठ्ठावीस किलोमीटर! सात्सुएने विचारलं, पेट्रोल नाही तर गाडी चालते कशावर? समजावलं: स्पंजातला ओलावा, आणि माझ्या उजव्या पायाचा हलकेपणा. ती म्हणाली, मग मोरीतला स्पंजही घालून बघा. बायकांना यातलं शास्त्र कळत नाही.

पुन्हा भरायचं नाही असं ठरवलं. पुरावा बिघडतो.

८ नोव्हेंबर
आमच्या अकरा घरांचा प्रमुख यंदा मी आहे. फिरत्या पाटीवर सूचना लावली. ही पाटी घरोघर जाते, प्रत्येकाने वाचून आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. लिहिलं: ‘आपल्या गल्लीत पेट्रोलचोर आहे. थोडी लाज असेल तर त्याने पेट्रोल परत करावे.’ कुणाचं नाव घेतलं नाही. मी सभ्य माणूस आहे. फक्त एवढंच जोडलं की चोर गाड्यांमधला जाणकार असावा.

सात्सुए म्हणाली, अहो, अकरा घरांत मेकॅनिक एकच आहे. पाया पडते, परत आणा ती पाटी. पण पाटी तिसऱ्या घरी पोचली होती. आता नियमाप्रमाणे फिरणारच.

११ नोव्हेंबर
पाटी परत आली. नऊ शिक्के सरळ. इसोगाईचा तिरका. हात थरथरला असणार! सात्सुएचं म्हणणं, त्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणून चोरी करता येत नाही असं कुठे आहे?

माझ्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही. नाशपातीच्या बागवाल्या बाई नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार करून लगबगीने आत गेल्या. त्याही सामील?

१३ नोव्हेंबर
काटा पाव टाकीवर! कुणीतरी पेट्रोल परत करतंय!

१७ नोव्हेंबर
अर्धी टाकी. चोराचं मन द्रवलं आहे. मी रोज संध्याकाळी गाडीने गस्त घालतो. जितकी जास्त गस्त, तितकं जास्त पेट्रोल परत येतं. धाक म्हणतात तो हा.

२१ नोव्हेंबर
काटा F वर! सगळं परत आलं. चोराचं मन पुन्हा फिरू नये म्हणून झाकणाला कुलूप ठोकलं. किल्ली घरी, चहाच्या डब्यात.

मोठ्या मनाने इसोगाईला सांगितलं, झालं गेलं विसरलो. त्याने विचारलं, काय झालं होतं? नाटकी माणूस. मग म्हणाला, या आठवड्यात गल्लीतल्या दोघांनी गाड्या दुसऱ्या गॅरेजला नेल्या. तुला काही कळलंय का?

मी म्हटलं, नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
सर्किटवर इसोगाईने विचारलं, टाकी भरलीस ना? F दाखवला. म्हणाला, झाकण उघड, एकदा हाताने बघतो. किल्ली घरी. वर मी म्हटलं, तुला बघायची एवढी घाई का? तो हातमोजे चढवायला गेला.

चौथ्या फेरीत इंजिन खोकलं आणि बंद पडलं. काटा F वरच. दोरीने ओढून आणलं. ओढून आणलेल्या गाडीला परत रेसमध्ये सोडत नाहीत. इसोगाई हेल्मेट घालून तयार उभा होता.

त्याने आयोजकांकडून कटर आणला, कुलूप तोडलं, आत पट्टी बुडवली. कोरडी. मग स्वतःच्या डब्यातलं वीस लिटर ओतलं. काटा F वरून खाली, अर्ध्यावर आला. दोघेही बघत होतो. म्हणाला, उलटा आहे रे. भरली की रिकामी दाखवतो, रिकामी झाली की भरलेली. चाळीस लिटर तूच जाळलंस.

एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. कमरेत वाकलो, वर बघवेना. पाटीचं सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, वाचली होती, भिंगाने. मग म्हणाला, चावी दे. घरी जाताना मी चालवतो.

रेसच्या कपड्यांत, हातमोजे घालून, ताशी चाळीसने, मुळे भरलेल्या ट्रकमागून. प्रत्येक सिग्नलला थांबला. एकदाही ओव्हरटेक केलं नाही. घरासमोर इंजिन बंद करून बराच वेळ स्टिअरिंग धरून बसला. शेवटी म्हणाला, चला, माझा तास झाला.

घड्याळात चाळीसच मिनिटं झाली होती. मी म्हटलं, हो, झाला.