तिसरी हाक

४ जानेवारी

कोल्हापुरात पोचले. धैर्यशील, म्हणजे माझ्या आक्काचा मुलगा, सहा आठवडे कंपनीच्या कामाने जर्मनीला गेलाय आणि राजारामपुरीतलं घर राखायला त्याला मावशी हवी होती. मला तरी नाशिकला कोण अडवणार होतं? आक्का होती तेव्हा इथे दोन दिवसांच्या वर कधी राहिले नाही. दिवाळीत ती गेली तेव्हा मी गाडीत होते. साताऱ्यापाशी फोन आला. तिने सारखी मला हाक मारली म्हणे. ओ द्यायला मी नव्हते.

तानाबाई दोन्ही वेळा कामाला येते. आल्या आल्या तिने मला निरखलं आणि सांगून टाकलं की आवाज थेट सरोजिनीबाईंचा, म्हणजे आक्काचा, आहे, अंगाने मात्र काडी आहे. उद्यापासून म्हशीचं दूध सुरू.

६ जानेवारी

वरच्या खोलीत धैर्यशीलचं सूर-आवाज घडवायचं यंत्र आहे, मॉड्युलर सिंथेसायझर. लाकडी पेटीत धातूच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या, प्रत्येकीचं काम वेगळं. रंगीत वायरींनी त्या एकमेकींना जोडायच्या. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर टेलिफोनच्या बोर्डापुढे बसायच्या, त्याची आठवण झाली.

शाळेतलं प्रार्थनागीत त्यात गाऊन पाठव, असा त्याचा फोनवर हट्ट. कपाटात आक्काच्या भजनी मंडळाचा माईक सापडला. स्वस्तातला, जाळी चेपलेली. जाळीला अजून तिच्या पावडरचा वास येतो.

८ जानेवारी

माईक जोडला, पण काहीच ऐकू येईना. धैर्यशील फोनवर हसला. म्हणाला, असल्या माईकचा आवाज मुंगीएवढा असतो, पेटीत सोडण्याआधी तो एका पट्टीतून मोठा करून घ्यावा लागतो. ती पट्टी शोधली, बटण फिरवलं. आता बोललं की लाल दिवा लागतो, थांबलं की विझतो. पुढची पट्टी प्रतिध्वनीची. त्याने ती अशी लावून ठेवली आहे की एकदा म्हटलेलं तीनदा ऐकू येतं.

गाणं राहिलंच. तासभर आक्काशी बोलत बसले. तिला म्हटलं, मला ‘मने’ म्हणणारं आता कोणी उरलं नाही.

११ जानेवारी

दुपारी पेटीपुढे गप्प बसले होते. पंखा बंद. दिवा लागला. विझला. पुन्हा लागला, श्वासाच्या लयीत.

धैर्यशील म्हणाला, स्वस्त माईक घरातल्या विजेची घरघर पकडतो, बटण कमी कर.

मी वाढवलं. खूप लांबून, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आवाज आला. कोणीतरी घसा साफ केला. भजनाआधी आक्का करायची, अगदी तसा.

१३ जानेवारी

पेटी बंद होती. स्वयंपाकघरात भाजी निवडत होते, तेवढ्यात जिन्यातून हाक आली. मने. एकदाच.

शाळेत पहिल्या हाकेला उभं राहायची शिस्त होती, ती हाडात मुरलेली. मी उठले, तोंड उघडलं. भांडी घासत असलेल्या तानाबाईने राखेने भरलेला हात सरळ माझ्या तोंडावर ठेवला.

“एका हाकंला ओ देऊ नगासा, बाई. दुसरीलाबी न्हाई. मेलेल्यास्नी तिसरी हाक मारता येत न्हाई. तिसरी माणसाचीच.”

मग घरभर मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि माझं तोंड तिनेच धुतलं.

१४ जानेवारी

आज दोनदा. आक्काचाच आवाज. मग नुसती शांतता, कोणी दम लागून थांबावं तशी. मी पायरीवर बसून रडले.

१५ जानेवारी

तिला तिसरी जमत नाही. पेटीला जमते.

तानाबाई गेल्यावर वर गेले. वायर लावली, बटण पूर्ण फिरवलं. मने. मने. मने.

मी ओ दिली. ओ परत आली, तीनदा, माझ्याच आवाजात. आक्का नंतर बोललीच नाही. कितीदा विचारलं. ती आक्का होती का —

१६ जानेवारी

घशातून शब्द फुटत नाही. खोकलासुद्धा नाही. तानाबाईने ज्येष्ठमध उगाळून दिलं, बोलू नका म्हणाली. सांगायचं कसं? तिला वाचता येत नाही.

पेटीच्या सगळ्या वायरी उपसून टाकल्या. दिवा लागलेलाच.

१७ जानेवारी

फोन वर राहिला होता. वाजला. थांबला.

वर कोणीतरी धैर्यशीलशी बोलतंय. माझ्या आवाजात. हसतंय. तानाबाई केव्हा येते ते त्याला सांगतंय —

१८ जानेवारी, दुपार

तानाबाईला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. ती चिडली आहे, चपला आत राहिल्या तिच्या. फाटकाला नुसती कडी. मी खिडकीत —

वरून हाक. “तानाबाई.” माझा आवाज. माणसाचा. त्याला तिसरी येते आता.

तिने मान वर केली. मी हात हलवतेय, नको, नको — तिला वाटतंय बोलावतेय —

दुसरी.

ती थांबली आहे. नियमाची पक्की. कडीवर हात ठेवून वाट बघतेय —

जा ना ग, जा, तिस