माझीच पट्टी हिरवी का?

अर्जुनी मोरगाव,
श्रावणातला एक चिकट मंगळवार

प्रिय स्नेहल,

मावशीचे आशीर्वाद. यंदा ते तुला द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण पत्राचा वरचा भाग रिकामा बरा दिसत नाही. तुझी आई गुडघ्यांना तेल लावते का? (लावत नसणार. धाकट्या बहिणी ऐकत नाहीत.) माझे गुडघे ठणठणीत आहेत. बिघडलंय ते डोकं, आणि तेही तुझ्या नकाशामुळे.

नागपूरहून येऊन तू आमच्या गावतलावाचा पर्यटन-आराखडा केलास. गावाला रोजगार मिळावा आणि पाखरांचंही घर मोडू नये, असं ग्रामसभेत फार गोड आवाजात सांगितलंस. मीही टाळ्या वाजवल्या. मग नकाशा भिंतीवर लागला. तपकिरी रंग म्हणजे बांधकामाची जागा, हिरवा म्हणजे हात लावायचा नाही. काठावर दोनच खासगी पट्ट्या, एक माझी, एक माझ्या धाकट्या जावेची, दुर्पताची, मध्ये हातभर बांध. तर दुर्पताची तपकिरी! तिच्याकडे पाहुण्यांसाठी कौलारू घर, ओसरी, लाकडी पायवाट. आणि सख्ख्या मावशीकडे काय, तर चिखल. अगं, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झाले. परदेशी पाहुणा आला तर त्याच्याशी बोलणार कोण? दुर्पता तर 'या, बसा' सुद्धा भांडायला बोलावल्यासारखं म्हणते. त्या दिवसापासून ती रोज बांधावर उभी राहून विचारते, "बाई, तुमचा चिखल बरा हाय ना?"

येत्या सोमवारी नकाशा कायम होणार. म्हणून म्हटलं, त्याआधी पट्टी इतकी देखणी करावी की ग्रामसभेला लाज वाटावी. जागेश्वर मजुराला बोलावलं आणि काठावरचं सगळं लव्हाळं आणि रानटी गवत उपटायला लावलं. आम्हाला सिस्टरांनी शिकवलंय, गवत म्हणजे कापलेलं गवत, बाकी सगळा आळस. जागेश्वरला विचारलं, काम नीट चाललंय ना? तर म्हणतो, "उपटून राहिलो ना मॅडम, मजुरी का गवत पाहून भेटते?" मग गोंदियाहून हिरवळीचे गालिचे आणले, एक बाक टाकला आणि पाण्याकडे तोंड करून सिमेंटचे दोन पांढरे हंस बसवले. दुरून अगदी एखाद्या मंत्र्याचा बंगला वाटावा.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडच्या जांभळ्या पाणकोंबड्या, पिल्लांसकट, बांध ओलांडून दुर्पताकडे राहायला गेल्या! झालं असं, की मी उपटलं ते गवत म्हणजे देवधान, आपोआप उगवणारा रानभात. दुर्पताचं माहेर देवरीच्या पलीकडचं, छत्तीसगडचं. तिकडे कमरछठच्या उपासाला नांगर न लागलेल्या जमिनीतलंच धान्य चालतं. म्हणून ही बया दरवर्षी आपल्या काठावर देवधान राखते. (धर्म तिचा, पाखरं माझी. हा कुठला न्याय?)

पुढे भंडाऱ्याहून दुर्बिणीवाले पक्षीमित्र आले. माझ्या हिरवळीवर चालले, माझ्या बाकावर बसले, माझा वेलचीचा चहा प्याले आणि माझ्याकडे पाठ करून तासभर दुर्पताच्या रानाकडे पाहत राहिले. एकाने तेवढी माझ्या हंसांवर दुर्बीण रोखली आणि हळूच विचारलं, "आजी, हे आजारी आहेत का?" आजी! दुर्पताला मात्र 'ताई'. ती माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान आहे आणि तरुण दिसते ती केसांना कलप लावल्यामुळे.

असो. मला कुणाचा हेवा वाटत नाही. तुझ्या कामात मी लुडबुडही करणार नाही. खुशालीच्या चार ओळी लिहाव्यात, एवढ्याचसाठी पत्र.

तुझी,
अल्कामावशी

ता. क. सगळी पाखरं आता दुर्पताकडे आहेत, म्हणजे हिरवा रंग शास्त्राप्रमाणे तिला लागला पाहिजे आणि घर, ओसरी, पायवाट माझ्याकडे यायला हवी. सोमवारच्या आत बदल कर. मावशी म्हणून सांगत नाही, निसर्गासाठी सांगते.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात दुर्पता आली. मी सहज (अगदी सहज) म्हटलं, तुझी पट्टी हिरवी झाली तर? रडेल असं वाटलं होतं. तर म्हणते, "होऊ द्या ना, बाई! घर बांधलं का पाहुण्यांच्या चादरी धुवा लागतीन, त्याहीचे संडास घासा लागतीन. तुमीच घासा. मी त खाट टाकून पाखरं पाहत बसीन." आणि हसली. इतकं समाधानी हसणं मी तरी सहन करू शकत नाही.

तेव्हा वरची विनंती रद्द समज. माझी पट्टी हिरवीच ठेव. हिरवळ काढून देवधान मी पुन्हा उगवू देते, हंस आजच काढते. तिचीही हिरवी करावी लागली तर कर. तुझं ते पाहुण्यांचं घर बसथांब्यामागच्या बंद धानगिरणीच्या जागेवर बांध, तिथे उंदरांशिवाय कुणाचं घर मोडणार नाही.

फक्त एक कर. नकाशात आमच्या दोघींच्या खाटा काढशील, तेव्हा माझी पाण्याला जरा जवळ काढ.