एंटरची जागा

आई, तुझ्या ऑफिसमधली काचेच्या दारामागची ती थंडगार खोली आज सकाळपासून डोळ्यांसमोर आहे. बाहेर जळगावचा मे महिना, आणि आत मेनफ्रेम नावाचं ते कपाटांच्या रांगेएवढं यंत्र गारेगार बसलेलं. त्याला एसी, तुम्हाला पंखे. तुम्ही बायका बाहेरच्या हॉलमध्ये टर्मिनलांसमोर बसायचात. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, सगळं डोकं आतल्या खोलीत. चाळीसगावपासून पहूरपर्यंतच्या दुकानदारांच्या ऑर्डरी तुमच्या बोटांखालून त्या डोक्यात जायच्या. सगळं ऑफिस तुला अक्का म्हणायचं. धुळ्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी तिथेच लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी तू बजावलंस, "इथे मी तुझी आई नाही. अक्का म्हणायचं." आणि दुपारी डब्यातली जास्तीची कळण्याची भाकरी मुकाट्याने माझ्यापुढे सरकवलीस.

मग टर्मिनलं एकेक करून मान टाकायला लागली. त्यांचे सुटे भाग कुठे मिळेनात. मुंबईच्या मुख्य ऑफिसातून निरोप आला की एंट्रीचं काम आता तिकडेच नेऊ, जळगावच्या बायकांना लांबलांबच्या डेपोंवर पाठवू. तुझ्या शेजारी बसणारीचं बाळ तेव्हा जेमतेम रांगत होतं. ती बाथरूममध्ये जाऊन रडून आली होती, आणि तू तिला चहा पाजत होतीस, ते मला अजून दिसतं. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, अकाउंट्समधले नवे डेस्कटॉप निम्मा वेळ पत्त्यांचा खेळ खेळायला वापरतात, तेच मेनफ्रेमला जोडू. साहेब म्हणाले, "त्याचं सॉफ्टवेअर आपल्याला परवडत नाही." मी म्हटलं, "फुकटचं आहे. एका मासिकाच्या सीडीवर आलंय, सोर्ससकट."

घरी तू विचारलंस, "सोर्ससकट म्हणजे?" मी सांगितलं की कुणी आयती भाजीही दिली, वर तिची कृतीही दिली, आणि म्हणाला, हवं तर तिखट वाढवा. तू भाकरी उलटत म्हणालीस, "मंग त्या मानूसनं पोट कसं भरस?"

तारा ओढणं, जुळत नाही म्हणून परत उसवणं, ह्यात कित्येक आठवडे गेले. मग एका दुपारी अकाउंट्समधल्या डेस्कटॉपवर तुमच्या टर्मिनलचा तो हिरव्या अक्षरांचा पडदा उमटला. मी इतक्या जोरात ओरडले की शिपाई पाण्याचा जग घेऊन धावत आला. त्याला वाटलं, शॉक बसला. साहेबांनी पेढे मागवले. मुंबईची माणसं पंधरा दिवसांनी बघायला येणार होती.

पण दुसऱ्या दिवसापासून तुझ्या ऑर्डरी अर्धवट जायला लागल्या. दुकानदाराचं नाव आहे, माल नाही. माल आहे, गाव नाही. इतरजणींच्याही जात होत्या, पण त्या बायका नव्या यंत्राला शिव्या घालून मोकळ्या व्हायच्या. तू मात्र प्रत्येक ऑर्डर पुन्हा पहिल्यापासून टाकायचीस. तुझ्या हातून चूक होते हे त्या हॉलमध्ये कुणी पाहिलंच नव्हतं. मी मदतीला जवळ आले तर सगळ्यांसमोर म्हणालीस, "लांब उभी राहा. माझ्या डोक्यावर उभं राहून काम होत नाही." मला फार लागलं ते.

आठवडाभर हे चाललं. मग एका संध्याकाळी तू भाकऱ्या थापत होतीस, मी ओट्याला टेकून उभी. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मना हात आते म्हातारा व्हयनात. साहेबले सांगी दे, मी राजीनामा देस." मग काय सुचलं कोण जाणे, परातीतलं पीठ सपाट केलं आणि म्हटलं, "अक्का, ह्याच्यावर एक ऑर्डर टाक." तू हसलीस, पण डोळे मिटून बोटं चालवलीस. ओळ संपली की करंगळी उजव्या कडेला. आणि सगळं भरून झालं तेव्हा अंगठा खाली, स्पेसबारच्या उजव्या बाजूला.

"हे काय केलंस?"

"पाठवी दिनं ना."

जुन्या टर्मिनलवर पाठवायची कळ तिथे खाली होती! उजव्या कडेची कळ नुसती पुढच्या ओळीवर न्यायची. डेस्कटॉपवर त्याच कडेला एंटर, आणि ते दाबलं की अख्खा पडदा, भरला असेल तेवढाच, रवाना. मी तुला गदागदा हलवत म्हटलं, "आई, तुझे हात बरोबर आहेत! कळाच चुकीच्या ठिकाणी आहेत!" तू आधी पिठाच्या परातीकडे पाहिलंस, मग स्वतःच्या हातांकडे, आणि एकदम म्हणालीस, "मंग मी आठ दिन कसाले रडनू व?" तू रडली होतीस हे मला तेव्हा कळलं. मग आपण दोघी हसत सुटलो, आणि तव्यावरची भाकरी करपली.

विकतचं सॉफ्टवेअर असतं तर तिथेच हात टेकावे लागले असते. ह्याची कृतीच हाताशी होती. दुसऱ्या दिवशी मी त्या सोर्समध्ये शिरून दोन्ही कळांची कामं तुमच्या बोटांच्या सवयीप्रमाणे लावली. मुंबईचे साहेब आले तेव्हा तुझ्या मागे उभे राहिले. तू त्यांना लांब उभं राहायला सांगितलं नाहीस, पण खटाखट ऑर्डरी टाकत सुटलीस. शेवटी त्यांनीच विचारलं, "बाई, जरा हळू दाखवता का?" काम जळगावातच राहिलं. बाळाच्या आईने तुला मिठी मारली.

तो बदल मी मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याला ईमेलने पाठवला. साता समुद्रापलीकडून त्याचं उत्तर आलं, की पुढच्या आवृत्तीत हे घालतो, ह्या मांडणीला नाव काय देऊ? मी 'अक्का' लिहून पाठवलं. तुला सांगितलं तर म्हणालीस, "त्याले उडीदना पापड धाडू का?" पुढे धुळ्याच्या डेपोतही तेच बसवलं, आणि तिथल्या मुलींना शिकवायला कंपनीने तुला पाठवलं. एसटीने गेलीस, नवी साडी नेसून.

मेनफ्रेम गेला, ऑफिस हललं, तू जाऊनही आता खूप वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगून टाकते. कळा बदलल्या त्या दिवसापासून तू ऑफिसात मला मॅडम म्हणायला लागलीस. आधी थट्टेने, मग सवयीने. मी दर वेळी कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "अक्का, नका ना असं म्हणू." ते खोटं होतं. तू तशी हाक मारावीस म्हणून मी कित्येकदा उगाचच तुझ्या टेबलापाशी घुटमळायचे.