दुर्गाआत्याचं नापास तिखट

फणसवाडी,
१० जानेवारी

चि. मनवास दुर्गाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांबरोबर तिखटाची बाटली पाठवते आहे. कॉलेजात मिरचीपुडीतली भेसळ शोधायची आहे, त्यासाठी एक तरी खात्रीचा नमुना हवा, असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा मला हसूच आलं. खात्रीचं तिखट मागायला दुसरीकडे जायची तुझी हिंमत तरी झाली असती का? लालबागच्या मिरची गल्लीत एकेक मिरची हुंगून घेते मी. गच्चीत वाळवते आणि डंकावर स्टूल टाकून डोळ्यांदेखत कुटून घेते. कुटणारा मला पाहिलं की आधी चहा मागवतो. माझ्यासाठी नाही, स्वतःला धीर यावा म्हणून. तेव्हा कॉलेजच्या प्रदर्शनातल्या तक्त्यावर माझं नाव ठळक लिही. वाडीतल्या सगळ्या बायकांना घेऊन येणार आहे.

आता एक आतली गोष्ट. फोनवर बोलता येत नाही, सूनबाई पलीकडच्याच खोलीत असतात. वैदेहीला डॉक्टरांनी गहू, मैदा, रवा कायमचं बंद केलं, ते तुला ठाऊकच आहे. मी घरातून कणकेचा डबासुद्धा हद्दपार केला. माझा हेरंबही बिचारा बायकोबरोबर भाकरीवर आहे. तरी पोरीचं पोट दुखायचं थांबत नाही. परवा डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोच आहे. घरात नाही, मग कुठून? मला विचारशील तर लोअर परळच्या तिच्या त्या ऑफिसखाली वडापावची गाडी आहे. मी तिला तसं बोलले, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता महिनाभर माहेरी जाते म्हणते. गेली की परत यायला मन होईल की नाही, याची मला धास्ती वाटते. घर तिच्याविना ओकंओकं होईल गं.

अभ्यास कर, आणि ते ॲसिड हाताळताना केस बांधत जा.

तुझी माया अशीच झणझणीत राहो.
तुझी आत्या


कॉटन ग्रीन,
२१ जानेवारी

तीर्थरूप दुर्गाआत्यास, शि. सा. न. वि. वि.

केस बांधते. गॉगलही लावते, त्यात मी बेडकासारखी दिसते असं माझा लॅब पार्टनर सम्यक म्हणतो.

आत्या, एक सांगायचंय, पण आधी खाली बस. तुझ्या तिखटात पिष्ट निघालं. म्हणजे कुठलं तरी पीठ. तिखट पाण्यात उकळायचं, गाळायचं, गार झालं की आयोडीनचा थेंब टाकायचा. पीठ असेल तर निळं होतं. बाजारातले नमुने घाबरत घाबरत केले, ते सगळे पास झाले. तुझा मात्र परीक्षानळीत शाईसारखा निळा. मला वाटलं, भांडं नीट धुतलं नसेल. नमुना कुणाचा ते न सांगता दुसऱ्यांदा सम्यककडून करवून घेतलं. पुन्हा निळं. मी घरी मिक्सरवर नुसती मिरची दळून नेली, ती अजिबात निळी झाली नाही. म्हणजे दोष मिरचीचा नाही.

तुझा नमुना गुपचूप काढून टाकावा असं क्षणभर वाटलं. पण रघुवीर सर म्हणाले की प्रयोगशाळेत नोकरी करायची असेल तर जे दिसलं ते लिहायचं, जे हवं होतं ते नाही. आणि कारण सापडेपर्यंत सोडायचं नाही. म्हणून विचारते, रागावू नकोस. तिखटात मिरचीशिवाय तू काय काय घालतेस?

वैदेहीवहिनी वडापाव खाईल असं मला वाटत नाही. ती साधा सिग्नलही तोडत नाही. तिला जाऊ देऊ नकोस.

रागातही लोभ कमी न व्हावा, ही विनंती.
तुझी मनवा


फणसवाडी,
२३ जानेवारी

चि. मनवास आशीर्वाद. नाइलाजाने.

मी तुझ्याशी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे. फोन करू नकोस, उचलणार नाही.

जिला मी मांडीवर बसवून चिमणीचे घास भरवले, ती मला भेसळखोर म्हणते! तुझे बाबा बाटली घेऊन निघाले तेव्हा मी तिची दृष्टसुद्धा काढली होती, ती तुझ्या कॉलेजची काढायला हवी होती. वाडीत निम्म्या घरांत माझं तिखट जातं. आजवर एकाची जीभ वाकडी झाली नाही.

काय घालते विचारतेस? मिरची घालते. आणि पोरकिडे होऊ नयेत म्हणून कुटतानाच हिंगाचे खडे घालते, माझी सासू घालायची तसे. बस्स. आता हिंगालाही नावं ठेव! हिंग म्हणजे औषध आहे. आमटीला घालते, भाजीला घालते. वैदेहीचं पोट दुखायला लागल्यापासून तिला दोन वेळा ताकात चांगलं चिमूटभर कालवून मी स्वतःच्या हाताने देते. गुण येत नाही ते तिच्या त्या बाहेरच्या खाण्यामुळे. रविवारी तिची बॅग भरून होईल.

लोभ सध्या बंद आहे. नंतर बघू.
दुर्गा आत्या


कॉटन ग्रीन,
२९ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

मायना आखडता घेतला, कारण घाई आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून बाबांना आत्ताच्या आत्ता पाठवते आहे.

तुझं पत्र वाचलं आणि काल बाबांना सांगून तुझ्याच डबीतला हिंगाचा खडा मागवला. तू कशाला म्हणून विचारलंस, तर त्यांनी भाजीला म्हणून थाप मारली, त्यांना माफ कर. आज सकाळी तो उकळून आयोडीन टाकलं. तिखटापेक्षा कितीतरी जास्त निळं झालं. सम्यक तर ओरडलाच. मी ओरडले नाही. मला वहिनीचा ताकाचा पेला डोळ्यांसमोर आला.

आयोडीनला नुसतं पीठ कळतं, गव्हाचं की तांदळाचं ते कळत नाही. म्हणून मी ठाम सांगत नाही. तू ज्या दुकानातून सुटं हिंग आणतेस तिथे जाऊन विचार, त्यात काय मिसळलेलं असतं ते. पण तोवर आत्या, ताक बंद. आमटीतलं हिंग बंद. ते तिखटही बंद.

वहिनीला मी काही बोललेले नाही. ते तूच सांगावंस असं वाटतं.

तुझी,
मनवा


फणसवाडी,
१६ मार्च

चि. मनवास तुझ्या आत्याचे मनापासून आशीर्वाद.

परवा प्रदर्शनात गर्दीत धड बोलता आलं नाही, म्हणून आज सगळं लिहिते.

त्या दिवशी तुझे बाबा चिठ्ठी देऊन उभे राहिले आणि मी तशीच, पदर खोचलेली, दुकानात गेले. दुकानदार हसला. म्हणाला, काकू, नुसतं हिंग कुणाला सोसतंय, ते डिंकात आणि मैद्यात बांधलेलंच येतं, सगळ्यांना ठाऊक असतं. मला नव्हतं. जन्मभर हिंग म्हणजे हिंग.

वैदेही बॅग भरत होती. तुला सांगते, आजवर मी कुणापुढे चूक कबूल केली नव्हती, कशी करतात तेही माहीत नव्हतं. मी म्हटलं, बाई, तुझ्या पोटात गहू मीच घालत होते, आणि वर तुझ्यावरच आळ घेत होते. आणि मला रडू फुटलं. ती बॅग तशीच टाकून माझ्याजवळ बसली. म्हणाली, ताक प्यायलं की जास्तच दुखायचं, पण तुम्ही इतक्या मायेनं ढवळून आणायचात की नको म्हणवायचं नाही. आता सांग, दोघींनी एकमेकींच्या मायेपायी किती सोसलं!

पोटदुखी थांबली आहे. रक्ताचा रिपोर्ट यायला अवकाश आहे, पण गालांवर दिसतंच. परवा तुझ्या तक्त्यासमोर वाडीतल्या बायका कुजबुजायला लागल्या तेव्हा मीच पुढे झाले आणि त्या निळ्या नळीवर बोट ठेवून सांगितलं की हे नापास तिखट माझं आहे, आणि पकडणारी माझी भाची. रघुवीर सरांनी अन्न तपासणीच्या लॅबमध्ये ट्रेनिंगला तुझंच नाव दिलं, हे ऐकून तर माझी छाती नळीपेक्षा निळी, नव्हे, फुगली! त्या सम्यकला जेवायला घेऊन ये. बेडूक म्हणतो काय!

यंदाची मिरची गच्चीत पडली आहे, बिनहिंगाची. डंकावर स्टूल टाकून बसायचा मान वैदेहीचा. कुटणाऱ्याला दोन चहा लागतील.

आज तिने दुसऱ्यांदा आमटीभात मागून घेतला. मी वाढायचं सोडून बघतच राहिले.

लोभ पुन्हा चालू केला आहे, आता बंद होणे नाही.
तुझी,
दुर्गाआत्या