टेबलाखालच्या विटा

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तळेगावच्या बाजारातला तो दिवस मी विसरलेले नाही. आपल्याकडे तेव्हा नुकतेच कारखाने आले होते. कारखान्यातली सकाळची पाळी संपवून मी जीपमधून उतरते, दोन पावलं टाकते आणि कुणाच्या तरी मेथीच्या जुड्यांवर कलंडते. तुम्ही समोरच उभे. हात द्यायच्या आधी तुम्ही चारी बाजूंना बघितलंत. "नीट चाल. लोकं म्हणतील, आप्पाची पोरगी पिऊन आलीया."

पाळीभर टेबलावर वाकून बारीक पार्टमधले दोष शोधायचे, एवढंच माझं काम. टेबल इतकं बुटकं की हनुवटी छातीला टेकायची. सुटी होईपर्यंत मान दगड व्हायची आणि चालताना जमीन सरकल्यासारखी वाटायची. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. मी झुलायला लागले तशी त्यांनी धरलं. म्हणाल्या, "कान, डोळे चांगले आहेत. मानेचे स्नायू थकलेत. डोकं नेमकं कुठं आहे, ही खबर मानेकडून शरीराला नीट पोचत नाही, म्हणून तोल जातो. टेबल उंच करून घ्या."

साहेबांना मी तेच सांगितलं. ते हसले. "चक्कर येत असेल तर घरी बस." नोकरी तुमच्या शब्दावर लागली होती, म्हणून त्यांनी तुम्हालाही निरोप धाडला. संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी येऊन म्हणालात, "उद्या माफी माग. बाईच्या जातीनं मान खाली घालूनच काम करायचं आस्तं."

"न्हाई मागणार," मी म्हणाले, आणि भाकरी थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर बसलेच नाही. टेबलाखाली विटा लावा, मग बसते, म्हणाले. शेजारची बाई उठली, मग तिच्यापलीकडची. बघता बघता अख्खी रांग उभी. जेवणाच्या सुटीआधी विटा आल्या. पुढं हळूहळू माझं कलंडणं थांबलं. तुम्ही मात्र माझ्याशी बोलणं टाकलंत, ते पार शेवटच्या आजारपणापर्यंत.

आज नवी पोरगी कामावर आली की मी आधी तिचं टेबल बघते. तुमचा शब्द मोडला याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही, पुन्हा मोडेन. हे तुम्हाला कळवायची सोय नाही, आणि असती तरी मी कळवलं नसतं. पण विटा आल्या त्या दिवशी जीपमधून उतरल्यावर मी घरापर्यंत जवळजवळ पळत आले होते. जिंकल्याचं सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही ओट्यावर तोंड फिरवून बसला होतात, म्हणून गुपचूप आत गेले.